तोंडात बसलेलं नाव

संशय घ्यायला मी आईकडून शिकले. ती पुण्यात एका छापखान्यात बारा वर्षं मुद्रितशोधक होती आणि छापलेल्या शब्दावर सहजासहजी विश्वास ठेवायचा नाही हे तिच्या अंगातच मुरलं होतं. घरी लग्नपत्रिका आली की ती आधी ऱ्हस्व-दीर्घ तपासायची आणि मग नवरामुलगा कोण ते बघायची. जिथे नक्की चूक असेल तिथे लाल शाई, आणि जिथे नुसतं काहीतरी खटकतंय तिथे समासात पेन्सिलीनं बारीकसं प्रश्नचिन्ह. एकदा मी विचारलं, दोन्हींना लाल शाईच का नाही वापरत? तर म्हणाली, "चुकीचं काय, ती चूकच असते. शंका आपली स्वतःची असते गं. ती खोडता आली पाहिजे."

बाबांची बदली जपानला, कावासाकीला झाली आणि आईचं वाचणंच बंद पडलं. त्या वर्षांत पुण्याहून निम्मं ऑफिस तिकडे उतरत होतं. बाबा एका बँकेच्या संगणकप्रणालीचं काम बघायचे, सकाळी साडेसातला जायचे आणि रात्रीचं जेवण आमच्याबरोबर क्वचितच करायचे. मी चौदा वर्षांची, साध्या जपानी सरकारी शाळेत. दीड वर्षात मला बोलता येऊ लागलं, वाचताही येऊ लागलं, आणि जिचं पोटच वाचण्यावर चालायचं ती माझी आई दुधाच्या पुठ्ठ्यावर काय लिहिलंय ते मला विचारू लागली. शाळेची पत्रकं, विजेचं बिल, कचऱ्याचं वेळापत्रक, सगळं मी वाचून दाखवायचे. आज कबूल करते, मला ते फार आवडायचं. घरात एकदम माझा भाव वधारला होता.

आमचं घर चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. खाली रेल्वेचं फाटक होतं, त्याची घंटा दिवसभर कान-कान-कान वाजायची. संध्याकाळी पाचला वस्तीतल्या भोंग्यावर एक धून लागायची, मुलांनी घरी जावं म्हणून. आई ती ऐकली की कुकर लावायची. जपानी तांदूळ आमटीभाताला अगदीच चिकट, पण त्याचा दहीभात असा काही होतो की पुण्याचा आंबेमोहोरही झक मारावा. पिठलं केलं की आई आधी सगळ्या खिडक्या बंद करायची, मग पंखा लावायची, मग फोडणी घालायची. कारण शेजारच्या ओत्सुका-सान. या बाई आमची कचऱ्याची पिशवी तपासायच्या. दोनदा ती पिशवी चिठ्ठी चिकटवून आमच्या दाराशी परत आली होती, एकदा प्लॅस्टिकमध्ये कागद गेला म्हणून आणि एकदा नुसत्याच संशयावरून. आईला त्यांचा राग यायचा, पण थोडा आदरही वाटायचा. "बाई चोख आहे," ती म्हणायची. "छापखान्यात असती तर मला जड गेली असती."

शाळेत मी एकटी होते. डबा उघडला की शेजारच्या मुली नाकाशी हात न्यायच्या, अगदी हळू, मला दिसू नये अशा बेतानं, आणि ते मला हमखास दिसायचं. मग एकदा वर्गात 'माझ्या घरातलं मोठं माणूस' या विषयावर बोलायचं होतं. मी गंगाबाईंवर बोलले. गंगाबाई म्हणजे माझ्या पणजोबांची आई, बाबांकडची खापरपणजी. त्या काळात आमच्या गावातून मुंबईला जाऊन सुईणपणाचं रीतसर शिक्षण घेतलेली पहिली बाई. तिनं गावात प्रसूतिगृह काढलं, ते अजून चालू आहे. तिथे तिचा फोटो आहे: नऊवारी, पायात बूट, हातात एक कातडी पेटी आणि नाक थोडं वाकडं. माझंही नाक वाकडं आहे. लहानपणापासून आत्या-काका म्हणायचे, "ही थेट गंगाबाईंवर गेलीय." भाषण झाल्यावर वर्गाच्या बाईंनी माझ्याकडची त्या फोटोची प्रत भिंतीला लावली, आणि दुसऱ्या दिवशी एक मुलगी माझ्या टेबलाला टेबल लावून जेवायला बसली. वाकड्या नाकाची सगळी भरपाई झाली.

आणि नेमकं तेव्हाच आईनं पेन्सिल हातात घेतली. प्रसूतिगृहाची स्मरणिका निघायची होती. मोठ्या काकांनी वंशावळ आणि गंगाबाईंचं चरित्र लिहून पाठवलं, 'वहिनी, तुम्ही तेवढं शुद्धलेखन बघा' म्हणून. चरित्राची सुरुवातच होती, 'पतीच्या प्रोत्साहनाने आणि संसार सांभाळून'. आईनं तिथेच पहिलं प्रश्नचिन्ह काढलं. मग तिनं काकांनीच पाठवलेल्या प्रमाणपत्राची झेरॉक्स वंशावळीशेजारी ठेवली आणि बराच वेळ बघत बसली.

"काय गं?" मी विचारलं.

"ज्या साली या मुंबईत शिकत होत्या, त्याच साली गावात यांना मुलगा झाला."

"मग?"

"मग एक बाई दोन ठिकाणी कशी?"

बाबांना सांगितलं तर ते बूट काढता काढता म्हणाले, "शुद्धलेखन बघ म्हटलंय ना त्यांनी? मग तेवढंच बघ. जुन्या गोष्टी खणू नयेत, काय निघेल सांगता येत नाही." एरवी शांत असणारा माणूस असं का बोलला याचा मला संशय आला. आई एवढी का मागे लागली याचाही आला. सासरच्या माणसांची ही एकच गोष्ट मोठी होती आणि तिला ती काढून घ्यायचीय, असं मला सरळ वाटलं. पुण्यात आत्या कधीकधी आईबद्दल दबक्या आवाजात बोलायच्या तसंच माझ्या मनात बोलणं सुरू झालं.

काकांच्या कागदांत एक जुनं पोस्टकार्ड होतं, गंगाबाईंनी सांभाळलेल्या एका अनाथ मुलीनं कोबेहून प्रसूतिगृहाला पाठवलेलं. ती मुलगी एका कापूस-कंपनीच्या कारकुनाशी लग्न करून तिकडे गेली होती. गणपतीला तोक्योत मराठी मंडळी जमली तेव्हा आईनं कोबेच्या सबनीसांना विचारलं, आणि ते म्हणाले, "अहो, त्यांची मुलगी आहे की अजून! कमलाबाई. ऐंशीच्या पुढे आहेत. कान गेलेत, फोनचा उपयोग नाही. आणि लिहितात फक्त जपानी, शाळा इथलीच ना त्यांची." आईनं मजकूर सांगितला, मी जपानीत पत्र लिहिलं. स्वच्छ, सुवाच्य अक्षरात लिहिलं. काही निष्पन्न होणार नाही अशी मनात खात्री बाळगून.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं, चार पानी. आई भाजणी मळत होती. पिठाच्या हातांनी ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "वाच."

पहिलं पान हवापाण्याचं, जपानी पत्राची तशी रीतच असते. दुसऱ्या पानावर गंगाबाईंचं नाव आलं आणि पाठोपाठ एक शब्द: सेन्साइ. 'साइ' म्हणजे बायको. आधीचं अक्षर 'सेन', हे मी रोज शाळेत 'सेन्सेइ', म्हणजे शिक्षक, लिहिताना काढायचे; आधीचा, पुढे गेलेला. सेन्साइ म्हणजे आधीची बायको. पुढच्या ओळीत होतं की तिला मूल झालं नाही, म्हणून त्या घरानं दुसरी आणली आणि हिला भावाकडे पाठवून दिलं. माझे पणजोबा त्या दुसरीचे. मी वाचतच होते आणि मला भिंतीवरचा तो फोटो दिसत होता, आणि टेबलाला लावलेलं टेबल.

"काय म्हणतात?" आईनं विचारलं.

मी म्हटलं, "त्यांच्या आईकडून गंगाबाईंबद्दल खूप ऐकलंय म्हणे. पण आता काही आठवत नाही."

"चार पानांत एवढंच?"

"जपानीत नमस्कार-चमत्कारच फार असतात."

आईनं हात धुतले. पत्र घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, आणि लिफाफ्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह काढलं. मग तो लिफाफा तिनं तांदळाच्या कुरकुरीत वड्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवला आणि थालीपीठ लावायला घेतलं. त्या दिवशी मी थालीपीठ अर्धंच खाल्लं. तिनं ते पाहिलं आणि उरलेलं झाकून ठेवलं.

त्यानंतरचे पाच महिने आम्ही दोघी एकमेकींवर पाळत ठेवून होतो. मी शाळेतून आले की आधी तो डबा बघायचे. एका बुधवारी तो फळीवर उजवीकडून डावीकडे गेलेला होता. बुधवारी आई वस्तीच्या सभागृहात परदेशी बायकांच्या जपानी वर्गाला जायची, तिथे मुराता-सान नावाच्या निवृत्त बाई शिकवायच्या. मी आडून विचारलं, "आज काय शिकवलं?" आई म्हणाली, "विशेषणं." आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की मला वाटलं, हिला कळलं. मग वाटलं, कळलं असतं तर बोलली नसती का? माझी आई आणि गप्प बसेल? फाटकाची घंटा वाजायची, आम्ही दोघी भाजी निवडायचो, आणि दोघींपैकी कोणीही गंगाबाईंचं नाव काढायचं नाही.

वसंतातली सुट्टी लागली आणि आईनं जाहीर केलं, "आपण कोबेला जातोय." सुट्टीत एक तिकीट मिळतं, त्यावर दिवसभर साध्या गाड्यांनी हवं तितकं फिरता येतं. पहाटे निघून, सात गाड्या बदलून आम्ही दुपारी तीनला पोचलो. बरोबर दशम्या आणि लसणीची चटणी. आई प्रत्येक गाडीत खिडकीशी बसून स्टेशनांची नावं अक्षर लावून लावून वाचत होती, आणि मी देवाला विनवत होते की म्हातारीला मराठीही विसरायला होऊ दे. बोलण्यासाठी मधे माझी गरज लागली तर अजून सावरता येणार होतं.

तिथल्या मोठ्या भूकंपानंतर बांधलेल्या सरकारी इमारतीत कमलाबाई एकट्या राहत होत्या. दार उघडलं तेव्हा आधी हिंगाचा वास आला. बुटकी, पाठीत वाकलेली म्हातारी, अंगात जपानी एप्रन, कपाळावर बारीक कुंकू. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तू गो कोणाची?"

त्यांचं मराठी आमच्यापेक्षा जुनं होतं, कोकणच्या काठाकाठानं गेलेलं, आणि वाक्याच्या शेवटी जपानी 'ने' लागायचं. पण मराठी होतं, खणखणीत. माझी तिथे काहीही गरज नव्हती.

आई त्यांच्या डाव्या कानाशी जाऊन मोठ्यानं बोलायला लागली. कमलाबाईंनी चहा ठेवला, पण समोर बसल्या त्या हात बांधून. "तुम्ही त्याच घरचीं ना? ज्यांनी तिला काढली?"

"हो."

"मग आतां काय न्यायला आलांत? फोटो, कागद, सगळं भूकंपात गेलं. माझ्याकडे कांही नाही."

"न्यायला नाही आले," आई म्हणाली. "स्मरणिकेत चुकीचं छापून येणार आहे. ते थांबवायचंय."

म्हातारीनं बांधलेले हात सोडले. "पण मी सगळं लिहिलं होतं की. चार पानं. हिनं वाचून नाही दाखवलं?"

आईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "दाखवलं ना," ती मोठ्यानं म्हणाली. "पण मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

मला तिथल्या तिथे धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. खोटं मी बोलले होते आणि आता माझ्यासाठी, परक्या घरात, आई खोटं बोलत होती. जी दुसऱ्यांच्या लग्नपत्रिकेतही चूक राहू द्यायची नाही.

मग कमलाबाई बोलत राहिल्या. घरातून काढल्यावर गंगाबाई भावाकडे राहिल्या, भावाच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना मुंबईला नेलं. "आणि त्या घरानं काय केलं ठाऊक आहे? दुसरी आणली तिचंही नांव गंगाच ठेवलं. नवरा म्हणाला, तोंडात बसलंय."

आईच्या हातातली पेन्सिल थांबली. एका वंशावळीत एकच गंगा का होती, ते आम्हाला त्या क्षणी कळलं.

"ही सुट्टीला गांवी आली होती, तर ती दुसरी अडलेली. दोन दिवस. गांवची सुईण हात टेकून बसली. तेव्हां आठवली ही सगळ्यांना. मागच्या दारानं घेतली आंत, पुढच्या नाही हं. सोळा वर्षांची पोर, घाबरून पांढरी झालेली. ही तिला हाक मारायची, 'गंगे, कळ दे. गंगे, सोडूं नको.' आपलंच नांव घेऊन सवतीला हाक मारायची, कसं वाटेल गो? शेवटीं हिनं विचारलं, 'बाय, तुझं माहेरचं नांव काय?' पोरीनं सांगितलं. मग त्या नांवानं हाका मारमारून तिला मोकळी केली. मुलगा झाला." कमलाबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "तो हिचा पणजोबा. ने?"

"ते नाव काय होतं?" हे मी विचारलं. त्या घरात मी उच्चारलेलं ते पहिलं वाक्य.

कमलाबाईंनी डोळे मिटले. ओठ हलले. "आई सांगायची. सारखी सांगायची. आतां जिभेवर आहे आणि येत नाही." आम्ही चहा संपेपर्यंत, पेले विसळेपर्यंत, पायात बूट घालेपर्यंत थांबलो. नाही आलं.

रात्र सबनीसांकडे काढून दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत, एका लांबलचक तळ्याच्या काठाकाठानं जाताना मी म्हटलं, "आई, ते पत्र..."

"माहीत आहे. मुराता-साननी दुसऱ्याच आठवड्यात शब्दन्‌शब्द समजावला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कधी सांगतेस ते बघत होते." मग थोड्या वेळानं म्हणाली, "चार पानांचं एका वाक्यात आटपलंस तिथे पकडली गेलीस. निदान दोन वाक्यं तरी करायचीस." मी रडायला लागले. तिनं मला दशमी दिली, रडता रडता मी ती खाल्लीही. "एक लक्षात ठेव," ती म्हणाली, "मला इथे तुझ्याशिवाय डोळे नाहीत. माझ्यासाठी वाचशील ते जसंच्या तसं वाच. मग ते काहीही असो."

दहा दिवसांनी कोबेहून कार्ड आलं. चारच ओळी. आई माझ्यासमोर येऊन बसली आणि मी वाचलं, हवापाण्यासकट, एक अक्षर न गाळता. 'त्या मुलीचं नाव आज पहाटे आठवलं,' असं लिहून त्यांनी ते परदेशी नावांसाठी असतात त्या अक्षरांत लिहिलं होतं. मी म्हटलं, "सारू."

"सारू? असं कुठे नाव असतं?"

"जपानीत र, ल, ळ सगळं एकच. आणि लांब-आखूडही नीट कळत नाही. सरू असेल. सालू असेल. साळू."

"साळू असायचं," आई म्हणाली. "त्या काळी असायचं. आणि सरस्वतीची सरूही असायची."

"आणि जपानीत सारू म्हणजे माकड."

आई हसली. पोट धरून हसली, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत; मग ते पाणी तसंच राहिलं. आम्ही त्याच दिवशी पत्र टाकलं, साळू की सरू? उत्तर सबनीसांचं आलं. कमलाबाई आदल्याच आठवड्यात गेल्या होत्या.

आईनं काकांना सगळं सविस्तर लिहून पाठवलं. स्मरणिका छापून आली ती 'पतीच्या प्रोत्साहनाने आणि संसार सांभाळून'च. बाबा म्हणाले, "मी सांगितलं होतं," पण ते नेमकं काय सांगितलं होतं हे त्यांनाही सांगता आलं नाही. वर्गातला तो फोटो मी स्वतःच काढून आणला. टेबल लावणारी मुलगी मात्र तशीच बसत राहिली. तिला गंगाबाईंशी काही देणंघेणं नव्हतंच, तिला आमची लसणीची चटणी आवडायची. हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर एक खोटं वाचलं असतं.

आई जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या पुस्तकांत ती स्मरणिका सापडली आणि मी ती माझ्या घरी घेऊन आले. 'पतीच्या प्रोत्साहनाने'वर लाल शाईची आडवी रेघ आहे, अगदी ठाम. वंशावळीत पणजोबांच्या वर छापलेलं 'गंगाबाई' हे नावही लाल शाईनं खोडलंय. आणि त्याच्या शेजारी, समासात, पेन्सिलीनं लिहिलंय: साळू, खाली सरू, आणि पुढे तिचं ते बारीक प्रश्नचिन्ह. माझ्याकडे खोडरबर आहे. पण काय खोडू? आता माझ्याही कानशिलांवर पांढरं दिसायला लागलंय, आणि आरशात बघताना कधीकधी मी या नाकाला विचारते, तू मग कोणाचं? दार लावलेलं असलं, घरात कोणी नसलं, की मी दोन्ही नावांनी हाक मारते. साळू. सरू. दोन्हींपैकी एका हाकेला ती ओ देत असेल.